फ्रँक एम. जॉन्सन : हक्काला मोजमाप देणारा न्यायाधीश

उंबरठा (धागाकर्ता)

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याबद्दल मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्यात मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांची नावे हमखास येतात. पण रस्त्यावर मागितलेला हक्क कागदावर उतरवून तो अंमलात आणण्याचे काम ज्यांनी केले, त्या न्यायाधीशांची ओळख आपल्याकडे फारशी नाही. अलाबामा राज्याच्या मध्य जिल्ह्याचे संघीय न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन यांच्याविषयी मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. त्यांचे धैर्य मोठे होतेच. पण मला त्यांच्यात सर्वाधिक भावलेली गोष्ट वेगळी आहे. हक्क मान्य केल्यावर तो प्रत्यक्षात किती फूट, किती माणसे, किती दिवस, हे लिहून दिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

जॉन्सन यांचा जन्म 1918 चा, अलाबामाच्या उत्तरेकडील डोंगराळ विन्स्टन काउंटीतला. या काउंटीचा इतिहास दक्षिणेत अपवादात्मक आहे. गुलामांच्या श्रमावर चालणारे कापसाचे मोठे मळे तिथे नव्हते, आणि 1861 मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले तेव्हा या काउंटीच्या प्रतिनिधीने फुटीच्या ठरावावर सही करायला नकार दिला. डेमोक्रॅटिक पक्षाची एकहाती सत्ता असलेल्या राज्यात विन्स्टनची माणसे पिढ्यानपिढ्या रिपब्लिकन राहिली. जॉन्सन यांचे वडील याच पक्षाचे आमदार होते. चारचौघांपेक्षा वेगळे मत बाळगून त्याच गावात नांदायचे, हे जॉन्सन यांनी घरातच पाहिले होते.

अलाबामा विद्यापीठातून 1943 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. तिथे त्यांचा एक सहाध्यायी आणि मित्र होता जॉर्ज वॉलेस. हे नाव पुढे वारंवार येणार आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉन्सन पायदळात होते, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले, परत येऊन जॅस्पर गावात त्यांनी वकिली केली. 1953 मध्ये आयझेनहॉवर यांच्या सरकारने त्यांना उत्तर अलाबामासाठी संघीय सरकारी वकील नेमले आणि 1955 च्या ऑक्टोबरमध्ये माँटगोमेरीच्या जिल्हा न्यायालयावर न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय अवघे 36.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी पदाची शपथ घेतली आणि 1 डिसेंबरला त्याच शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली.

या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर घातलेला बहिष्कार वर्षभर चालला हे सर्वांना माहीत असते. पण बसमधील वर्णभेद कायद्याने संपला तो फेब्रुवारी 1956 मध्ये दाखल झालेल्या एका वेगळ्याच दाव्यामुळे. त्यात रोझा पार्क्स फिर्यादी नव्हत्या. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन अशा चार स्त्रिया होत्या. कॉल्व्हिन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, याच कारणासाठी अटक झाली होती. वकील होते तरुण फ्रेड ग्रे. राज्याच्या कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान असल्याने खटला तीन न्यायाधीशांसमोर चालला : रिचर्ड राइव्ह्ज, सीबर्न लिन आणि जॉन्सन.

पेच असा होता. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता, पण वाहतुकीतील वर्णभेद वैध ठरवणारा 1896 चा जुना निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला नव्हता. लिन यांचे म्हणणे असे की, वरचे न्यायालय तसे म्हणत नाही तोवर खालच्या न्यायालयाने थांबावे. राइव्ह्ज आणि जॉन्सन यांनी म्हटले की, शाळेबाबतच्या निकालामागचे तत्त्व मान्य असेल तर बसला वेगळा न्याय लावता येत नाही. चर्चेत सर्वांत कनिष्ठ म्हणून जॉन्सन यांना आधी मत द्यावे लागले आणि त्यांनी ते क्षणभरही न अडखळता दिले, असे सांगतात. 5 जून 1956 रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला.

यानंतर गोऱ्या माँटगोमेरीने जॉन्सन दांपत्याशी जवळजवळ संबंधच तोडले. त्यांच्या अंगणात क्रूस जाळला गेला, ही तिथल्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी देण्याची रीत. राइव्ह्ज यांच्या दिवंगत मुलाच्या थडग्याचीही विटंबना झाली.

आता वॉलेस. 1959 च्या सुरुवातीला ते राज्याच्या सर्किट न्यायालयाचे न्यायाधीश होते. हे पद निवडणुकीने मिळते हे लक्षात ठेवावे, कारण पुढचे सारे नाट्य त्यातूनच घडले. नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दप्तरे मागितली, वॉलेस यांनी ती देण्यास जाहीर नकार दिला आणि दप्तरे दाखवण्याचा हुकूम जॉन्सन यांनी काढला. सुनावणीपूर्वी वॉलेस एका रात्री जुन्या मित्राच्या घरी आले आणि शिक्षा झालीच तर थोडक्यात आटोपावी, म्हणजे मतदारांपुढे हुतात्मा म्हणून उभे राहता येईल, असे सुचवू लागले. जॉन्सन यांनी सांगितले की, अवमान सिद्ध झाला तर शिक्षा पुरेपूर होईल. वॉलेस यांनी मग ती दप्तरे गाजावाजा न करता ग्रँड ज्यूरीकडे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे, सोपवली आणि तिथून ती आयोगाला पाहायला मिळाली. जॉन्सन यांनी त्यांना अवमानातून मुक्त केले, मात्र आडमार्गाने का होईना, या गृहस्थांनी हुकूम पाळला आहे, असे निकालातच नोंदवून ठेवले. हुतात्मा होण्याची वाटच त्यांनी बंद केली. वॉलेस यांनी पुढच्या प्रचारात त्यांना खोटारडे आणि गद्दार म्हटले आणि 1962 मध्ये ते गव्हर्नरपदी निवडून आले.

1965 चा मार्च महिना मी थोडा सविस्तर सांगतो. 7 मार्चला सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने झोडपले. दुसऱ्या दिवशी किंग यांच्या बाजूचे वकील जॉन्सन यांच्याकडे आले. मोर्चा अडवण्यास राज्याला मनाई करणारा तातडीचा हुकूम त्यांना हवा होता, म्हणजे लगेच पुन्हा चालता येईल. जॉन्सन यांनी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय हुकूम देण्यास नकार दिला, उलट सुनावणी पूर्ण होईपर्यंत मोर्चाच थांबवला. चळवळीतल्या अनेकांना हा घात वाटला. 9 तारखेला किंग पुलापर्यंत जाऊन माघारी फिरले.

सुनावणी काही दिवस चालली. पुलावर मार खाल्लेले मोर्चाचे एक नेते जॉन लुईस यांची साक्ष झाली, आणि पुलावरच्या मारहाणीची दूरचित्रवाणीने टिपलेली फिल्म न्यायालयात दाखवण्यात आली. 17 मार्चला जॉन्सन यांनी निकाल दिला. शांततेने सभा घेण्याचा, निदर्शने करण्याचा आणि रस्त्याने मोर्चा नेण्याचा हक्क किती विस्तृत असावा, हे ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागितली जात आहे त्याच्या भीषणतेच्या प्रमाणात ठरले पाहिजे, हे त्यांचे सूत्र. आणि इथेच त्यांचा खरा स्वभाव दिसतो. त्यांनी मोर्चेकऱ्यांकडून लेखी आराखडा मागून घेतला होता. कुठून निघणार, रात्री मुक्काम कुठे, जेवण आणि पाण्याची सोय काय, महामार्ग क्रमांक 80 जिथे दोनच पदरी होतो त्या लाउंड्स काउंटीतल्या टप्प्यात किती माणसे चालणार? त्याचे उत्तर होते 300. वाहतूक पूर्ण बंद पडणार नाही आणि मोर्चाही अडणार नाही, असा तो आकडा होता. 21 मार्चला निघालेला मोर्चा सुमारे 87 किलोमीटर चालून 25 तारखेला राजधानीत पोहोचला आणि त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला.

त्याच 25 मार्चच्या रात्री मोर्चाला मदत करायला डेट्रॉइटहून आलेल्या व्हायोला लिउझो यांना लाउंड्स काउंटीत क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या हिंसक संघटनेच्या माणसांनी गोळ्या घालून ठार केले. राज्याच्या न्यायालयात खुनाच्या आरोपातून मुख्य आरोपी सुटला. डिसेंबरमध्ये नागरी हक्क भंगाच्या संघीय आरोपाखाली तिघे जॉन्सन यांच्यासमोर उभे राहिले. सर्व ज्यूरी गोरे पुरुष होते. एकमत होत नाही असे त्यांनी कळवल्यावर जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा चर्चेला बसवले. शेवटी तिघेही दोषी ठरले आणि कायद्याने जास्तीत जास्त देता येईल ती, प्रत्येकी दहा वर्षांची, शिक्षा जॉन्सन यांनी दिली.

पुढच्या कारकिर्दीबद्दल प्रतिसादांत लिहीन.

तळटीप

लेख आवडला. मी वकिली करतो, त्यामुळे एक बाजू आवर्जून मांडतो, नाहीतर चित्र एकांगी होईल. हेच जॉन्सन टस्कीगीच्या खटल्यात चुकले होते. 1957 मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून तिला अठ्ठावीस बाजूंचा वेडावाकडा आकार दिला. शहरातल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे हद्दीबाहेर गेले आणि गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. टस्कीगीतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला आणि जॉन्सन यांनी तो फेटाळला, कारण शहराची हद्द ठरवणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे, न्यायालयाला त्यात पडता येत नाही, असे तेव्हाचे पूर्वनिर्णय सांगत होते. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा निकाल उलटवला. ज्यांना जॉन्सन हे नागरी हक्कांचे कैवारी वाटतात त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

उंबरठा

तळटीप, आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मूळ लेखातच यायला हवे होते. मात्र माझ्या मते तो निकाल त्यांच्या स्वभावाशी विसंगत नाही. ते स्वतःला कैवारी समजत नव्हते. हातातला पूर्वनिर्णय जिथवर नेतो तिथवर जायचे, आणि तो पुढे जाऊ देत असेल तर मागे राहायचे नाही, अशी त्यांची रीत होती. बसच्या खटल्यात 1954 चा निकाल पुढे नेत होता, टस्कीगीत तसा आधार त्यांना दिसला नाही. वरच्या न्यायालयाने दार उघडल्यावर ते लगेच आत शिरले. 1962 मध्ये विधिमंडळाच्या मतदारसंघांचा खटला त्यांच्या खंडपीठापुढे आला. 1901 नंतर अलाबामाने मतदारसंघ नव्याने आखलेच नव्हते. 15,417 वस्तीच्या लाउंड्स काउंटीला एक सिनेटर आणि सहा लाखांहून अधिक वस्तीच्या जेफरसन काउंटीलाही एकच. त्या खंडपीठाने ही रचना घटनाबाह्य ठरवली, आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक व्यक्ती एक मत हे तत्त्व ज्या खटल्यात राज्यांच्या विधिमंडळांना लावले तो हाच खटला.

मतदार नोंदणीच्या खटल्यांतही त्यांचे डोके असेच चालले. अनेक वर्षे गोऱ्या अर्जदारांच्या अर्जातल्या चुका नोंदणी अधिकारी स्वतः दुरुस्त करून घेत, आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना क्षुल्लक चुकीवरून नापास करीत. नुसते यापुढे भेदभाव करू नका असा हुकूम दिला असता तर अधिकाऱ्यांनी तेव्हापासून सर्वांनाच कडक परीक्षा लावली असती आणि जुना फरक कायमचा गोठला असता. म्हणून जॉन्सन यांनी सांगितले की, नोंदणी झालेल्या सर्वांत कमी पात्रतेच्या गोऱ्याला जी कसोटी लावली तीच यापुढे कृष्णवर्णीय अर्जदाराला लावायची.

पायवाट

मी जॉर्जियात राहते. दोन वर्षांपूर्वी माँटगोमेरीला गेले होते, तेव्हा पाहिलेले सांगते. जॉन्सन यांचे न्यायालय आणि जुना ग्रेहाउंड बसतळ हे एकमेकांना अगदी खेटून आहेत. त्या छोट्या बसतळाचे आता संग्रहालय झाले आहे. 20 मे 1961 रोजी फ्रीडम रायडर्स, म्हणजे आंतरराज्य बसमध्ये एकत्र प्रवास करणारे कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण, इथे उतरले. पोलीस जागेवर नव्हते आणि जमावाने त्यांना अक्षरशः रक्तबंबाळ केले. मी बस लागायच्या फलाटावर उभी राहिले आणि मान वर केली तर समोर न्यायालयाची भिंत. बातमी न्यायाधीशांपर्यंत पोहोचायला वर्तमानपत्राची गरजच नव्हती. काही दिवसांतच जॉन्सन यांनी क्लॅनला प्रवाशांवर हल्ले करण्यास मनाई केली आणि पोलिसांनाही संरक्षण देण्यास बांधून घेतले. त्या इमारतीला 1992 मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

आणखी एक. 1967 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला गेला. त्या बचावल्या. टेलिफोनच्या पुस्तकात मुलाचे आणि त्यांचे नाव मिळतेजुळते, म्हणून घर चुकले असावे असा सर्वांचा कयास होता. जॉन्सन यांच्या घरावर वर्षानुवर्षे संघीय मार्शल पहारा देत होते.

निवांत क्षण

मनोरुग्णालयाचा एक मोठा खटलाही त्यांनी चालवला होता ना? मी एका सरकारी मनोरुग्णालयात सत्तावीस वर्षे परिचारिका होते. त्याबद्दल वाचायला आवडेल.

उंबरठा

होय ताई, आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत मोठे काम. टस्कलूसा येथील ब्राइस रुग्णालयात सुमारे पाच हजार रुग्ण होते. 1970 मध्ये सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून राज्याने शंभरएक कर्मचाऱ्यांना कमी केले. कर्मचाऱ्यांनी दावा लावला आणि त्यात एका रुग्णाला फिर्यादी म्हणून जोडले. तो रिकी वायट, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मानसिक आजार नव्हताच, केवळ उनाड म्हणून तिथे ठेवले होते आणि त्याची मावशी तिथेच नोकरीला होती. नोकऱ्यांचा प्रश्न हळूहळू मागे पडला आणि उपचारांचा प्रश्न उरला. 1971 च्या मार्चमध्ये जॉन्सन यांनी म्हटले की, उपचारांसाठी म्हणून माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे आणि उपचारच द्यायचे नाहीत, हे घटनेत बसत नाही.

राज्याला सुधारणेसाठी सहा महिने दिले. काही झाले नाही. मग 1972 मध्ये त्यांनी तज्ज्ञांना ऐकून किमान निकष स्वतः घालून दिले. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकाला किमान 80 चौरस फूट जागा, आठ रुग्णांमागे एक शौचकूप, पंधरा रुग्णांमागे एक न्हाणी किंवा शॉवर. शौचकूपांना आडोसा असला पाहिजे हेही त्यात होते. किती डॉक्टर, किती परिचारिका, किती आहारतज्ज्ञ याचे कोष्टक होते. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र लेखी उपचार योजना सक्तीची केली.

निवांत क्षण

वाचून हात थबकला. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, पण आडोशाचे मी सांगते. आमच्या स्त्रियांच्या कक्षात पूर्वी न्हाणीला दार नव्हते, रुग्ण आत कोंडून घेतील म्हणून काढले होते. एक बाई आंघोळीला न्यायची वेळ झाली की रोज ओरडायची आणि आम्ही ते आजाराचे लक्षण म्हणून केसपेपरवर लिहीत होतो. पुढे अर्ध्या उंचीची फळी बसवली, त्या आठवड्यापासून तिचे ओरडणे थांबले. उपचार म्हणजे काय हे ज्या न्यायाधीशाला न्हाणीच्या संख्येपर्यंत जाऊन कळले, त्याने रुग्णालय नीट पाहिले होते असेच मी म्हणेन.

तळटीप

आपला अनुभव मोलाचा आहे, तरीही मूळ आक्षेप उरतोच. शौचकूप मोजणे हे न्यायाधीशाचे काम आहे का? त्यासाठी लागणारा पैसा लोकांनी निवडलेले विधिमंडळ मंजूर करते. वॉलेस यांनी हाच मुद्दा लोकांपुढे सतत मांडला आणि तो केवळ वर्णद्वेष्ट्यांचा मुद्दा नव्हता. तसेच 1965 च्या निकालातले ते सूत्र, अन्याय जितका मोठा तितका मोर्चाचा हक्क मोठा, मला कायदा म्हणून धोक्याचे वाटते. कोणाचे दुःख किती मोठे हे न्यायाधीशाने ठरवायचे आणि त्यावरून कोणाला रस्ता किती द्यायचा ते ठरवायचे? उद्या दुसऱ्या न्यायाधीशाच्या तराजूत दुसऱ्याच गटाचे दुःख जड भरेल.

उंबरठा

मोर्चाच्या सूत्राबद्दल आपला आक्षेप मला मान्य आहे. ते तत्त्व म्हणून इतर खटल्यांत फारसे रुजले नाही, आणि कदाचित तेच बरे झाले. सेल्मात ते योग्य ठरले, कारण तिथे अन्यायाचे वजन करायला तराजूची गरजच नव्हती.

पण शौचकुपांच्या बाबतीत मी ठाम असहमत आहे. जॉन्सन यांनी प्रत्येक वेळी आधी राज्याला संधी दिली. 1976 मधल्या तुरुंगांच्या निकालातील एक परिच्छेद पाहा. राज्याच्या एका तुरुंगात शिक्षा म्हणून चार फूट बाय आठ फुटांच्या कोठडीत कधी कधी सहा-सहा कैदी कोंडले जात. बिछाना नाही, दिवा नाही, वाहते पाणी नाही. शौचासाठी जमिनीत एक भोक, आणि त्यात पाणी सोडायचे तर ते बाहेरूनच सोडता येई. हे वर्णन निकालपत्रात आहे आणि राज्याच्या वकिलांनी खटल्यात परिस्थिती घटनाबाह्य असल्याचे जवळपास मान्यच केले होते. अशा वेळी केवळ हक्कभंग झाला आहे असे लिहून थांबणारा न्यायाधीश त्या कैद्याला काय देतो? 32 चौरस फुटांत सहा माणसे हा आकडाच अन्याय असेल तर न्यायही आकड्यातच द्यावा लागतो. या कैद्यांना मत नव्हते, रुग्णांना कोणी विचारत नव्हते. निवडणुकीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचणारच नव्हते.

आणि हे त्यांना करता आले, कारण संघीय न्यायाधीशाचे पद आजीव असते आणि पगार कमी करता येत नाही. वॉलेस निवडून आलेले न्यायाधीश होते, म्हणून त्यांना मतदारांसाठी नाट्य करावे लागले. एकाच वर्गातून बाहेर पडलेले दोन वकील आणि मधे फरक एवढाच, असे मी म्हणणार नाही. पण हा फरक मोठा होता.

पायवाट

स्त्रियांच्या हक्कांबाबतचा त्यांचा एक निकाल मुद्दाम नोंदवते. माँटगोमेरीच्या मॅक्सवेल हवाई तळावरील लेफ्टनंट शॅरॉन फ्राँटिएरो यांना नवऱ्यासाठी निवास आणि वैद्यकीय भत्ता नाकारला गेला, पुरुष अधिकाऱ्याला मात्र तो बायकोसाठी आपोआप मिळे. 1972 मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तिचा दावा फेटाळला. जॉन्सन यांचे एकट्याचे विरोधी मत होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि त्या सुनावणीत, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही युक्तिवाद केला होता.

उंबरठा

धन्यवाद, हे मी विसरलो होतो. उरलेले थोडक्यात सांगतो. 1977 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे प्रमुख म्हणून निवडले, पण पोटातील महाधमनीच्या आजारामुळे ते नाव मागे घ्यावे लागले. 1979 मध्ये ते अपील न्यायालयावर गेले. तिथे 1985 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्याविरुद्ध त्यांनी निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो लगेच उलटवला आणि 2003 मध्ये स्वतःचीच चूक दुरुस्त केली. ते पाहायला जॉन्सन नव्हते. 1995 मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि 23 जुलै 1999 रोजी माँटगोमेरीत त्यांचे निधन झाले. त्यांचा एकुलता दत्तक मुलगा 1975 मध्येच गेला होता. ज्या वर्षांत गाव त्यांच्याशी बोलत नव्हते, त्याच वर्षांत तो मुलगा तिथल्या शाळेत जात होता, एवढे सांगून तो विषय थांबवतो.

तळटीप

टस्कीगीवरून मी सुरुवात केली होती, म्हणून ही माहिती मीच जोडतो. जॉन्सन अपील न्यायालयावर गेल्यावर माँटगोमेरीची त्यांची जागा रिकामी झाली, आणि 1980 मध्ये कार्टर यांनी तिथे मायरन थॉम्पसन या कृष्णवर्णीय वकिलाला नेमले. थॉम्पसन यांचा जन्म 1947 चा, टस्कीगीचा. गावाची हद्द अठ्ठावीस बाजूंची झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. अलाबामाच्या राज्य पोलीस दलात 37 वर्षांत एकही कृष्णवर्णीय शिपाई भरती झाला नव्हता, म्हणून 1972 मध्ये जॉन्सन यांनी एका गोऱ्यामागे एक कृष्णवर्णीय घ्यावा असा हुकूम दिला होता. त्या खटल्यातील बढत्यांचा भाग थॉम्पसन यांनी पुढे चालवला आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. ब्राइस रुग्णालयाचा खटलाही त्यांच्याकडेच आला. राज्याने निकष पूर्ण केले असे मान्य करून 2003 च्या डिसेंबरमध्ये, दावा दाखल झाल्यापासून तेहतीस वर्षांनी, तो बंद करण्याच्या हुकुमावर सही केली ती थॉम्पसन यांनी.